बेचाळीस नंबरचा हात

कोकमतेलाचा गोळा गॅसच्या आचेवर धरला की कडेने पाझरायला लागतो. तो थेंब कढत असतानाच भेगेत पडला पाहिजे, नुसतं चोळून काही उपयोग नाही, असं आवडाबाईचं ठाम मत. त्यामुळे रोज संध्याकाळी जेवणाआधी सलोनीला दोन्ही हात पुढे करून बसावं लागे.

“हात मागं घेव नको.”

“भाजतंय गो आते!”

“भाजू दे. सकाळी क्लोरीनचा पानी लागला की याच्यापेक्षा भाजंल.”

थेंब पडले की आते जुन्या लुगड्याच्या बोटभर रुंद चिंध्या काढायची आणि अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं अशी तीन बोटं घट्ट बांधून द्यायची. एकोणीस वर्षांच्या पोरीची बोटं ती. पण नखांच्या कडेला माकलाची, म्हणजे स्क्विडची, काळी शाई बसलेली आणि पेरांवर कातडी फाटून आतलं लाल दिसायला लागलेलं.

आवडाबाई म्हणजे सलोनीच्या बापाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर पूर्णगड सोडून मिरजोळ्याला आली आणि एमआयडीसीतल्या एका मासळीच्या कंपनीत लागली, त्याला अकरा वर्षं झाली. कंपनीच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली भाड्याने घेतलेली. सलोनी कॉलेजसाठी आली ती याच खोलीत. दोन वर्षं पोरगी नुसती शिकत होती. आते कामाला जायची आणि ही पुस्तकं पसरून बसायची. मग ऑगस्टात मासेमारी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात सलोनीचा बापूस शिवा जाळं ओढताना बोटीवर घसरला. मांडीचं हाड मोडलं, आत सळी घालावी लागली. हा मोसम विसरा, म्हणाले डॉक्टर. आता खलाशी माणूस बोटीवर गेला नाही तर घरात काय येणार, कपाळ! आई गावात मासळी सुकवायच्या कामाला जायला लागली आणि सलोनीने आतेला म्हटलं, “माला पन घे कंपनीत. सकाळच्याला.”

सकाळच्याला म्हणजे सहा ते साडेदहा. साडेअकराला कॉलेज. मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष, आठवड्याला चार प्रॅक्टिकल, दर शनिवारी चाचणी, आणि हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली की परीक्षेला बसू देत नाहीत. साडेचार तास बर्फासारख्या फरशीवर उभं राहून माकलं साफ करायची. डोकं धरून ओढायचं, शाईची पिशवी न फुटता काढायची, पाठीतला काचेसारखा काटा उपसायचा आणि वरची जांभळी साल नखाने सोलायची. मग लिंबाने हात घासायचे, कपडे बदलायचे, बसमागे धावायचं आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसून झोप आवरायची. कधी आवरायची, कधी नाही.

हे सगळं सांगण्यासारखं होतं. मोठेपणानं सांगण्यासारखं होतं. पण तिची लॅबमधली जोडीदारीण अक्षया, जिचे वडील शहरात बँकेत होते, तिने ऑक्टोबरात सहज विचारलं, “सकाळची कुठे नोकरी करतेस गं?” आणि सलोनीच्या तोंडून निघून गेलं, “कंपनीच्या लॅबमध्ये. टेस्टिंगला.”

अक्षयाने ते वर्गभर केलं. ती सरळ मनाची मुलगी, तिला मैत्रिणीचा अभिमान वाटला. प्रॅक्टिकलच्या तस्नीम मॅडमपर्यंत बातमी गेली आणि त्या चारचौघांत म्हणाल्या, “बघा, शिकताना लॅबचा अनुभव घेते आहे ही.” सलोनीने मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजाळू आहे बिचारी.

कंपनीत लॅब होती, नाही असं नाही. सलोनीच्या टेबलापासून वीस पावलांवर, काचेच्या पलीकडे. पांढरे कोट घातलेली दोन माणसं तिथे बसायची. सलोनी रोज सकाळी मान वर करून एकदा तिकडे बघायची आणि पुन्हा माकलं ओढायची.

जानेवारीच्या अखेरीला तस्नीम मॅडमनी फळ्यावर लिहिलं: गुरुवार, सकाळी साडेनऊ, मासळी प्रक्रिया कंपनी, मिरजोळे. भेट सक्तीची. अहवालाला वीस गुण.

सलोनीने वहीत ‘वीस गुण’ एवढंच उतरवलं.

“तुझीच का गं कंपनी?” अक्षयाने खुशीत विचारलं.

“नाही, माझी पलीकडची. दुसरी.”

“अरेरे! मला वाटलं तूच आम्हाला सगळं दाखवशील.”

बुधवारी सलोनी मॅडमच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, बाबांना उद्या हॉस्पिटलला न्यायचंय, मी येऊ शकणार नाही. मॅडमनी तिच्याकडे बघितलं. “वीस गुण आहेत, सलोनी.” “हो मॅडम.” “बरं. बघू काहीतरी.” बापाच्या मोडक्या मांडीचं निमित्त केलं याची तिची तिलाच किळस आली. बसमध्ये बसेपर्यंत तोंड कडू होतं.

मग गुरुवारी तरी घरी राहायचं की नाही? तिला तेच करायचं होतं. पण बुधवारी संध्याकाळीच फ्लोअरचे सुपरवायझर अयूबभाई मागच्या खोल्यांपाशी उभे राहून ओरडले, “उद्या दोन गाड्या माकूल येतंय! एकीनं पण दांडी मारली तर परत यायचं नाही. सलोनी, तुझ्या डिसेंबरात परीक्षेच्या आठ सुट्ट्या झाल्यात, ध्यानात ठेव.”

अयूबभाई माणूस वाईट नव्हे. पण दोन गाड्या माकूल बर्फात घालून किती वेळ राखणार?

“तोंडाला मास्क, डोक्याला टोपी,” आते रात्री म्हणाली. “कोन वळकतंय? डोलं तेवढं दिसतात. आमी येकमेकीला वळकताना चुकताव.”

“नाव तर वाचतील, आते.”

कंपनीत प्रत्येकीच्या छातीवर प्लॅस्टिकचा बिल्ला असतो. नंबर आणि खाली नाव. एकशेअठरा, सलोनी डोर्लेकर.

गुरुवारी साडेनऊला काचेपलीकडे गलका झाला. सलोनीने मान वर केली तर तिचा अख्खा वर्ग! बुटांवर निळ्या पिशव्या चढवत, नाकाला रुमाल लावत सगळे हात धुवायच्या बेसिनपाशी उभे. तेवढ्यात दर अर्ध्या तासाची घंटा झाली. घंटा झाली की सगळ्या बायांनी हातमोजे काढायचे, साबणाने हात धुवायचे, क्लोरीनच्या पाण्यात बुडवायचे आणि नवे मोजे घालून परत यायचं. बाया रांगेने निघाल्या. सलोनी जागची हलली नाही. बेसिनला जायचं म्हणजे अक्षयाच्या खांद्याला खांदा लावून हात धुवायचे!

शिवाय तिच्या बोटांना काल संध्याकाळच्या चिंध्या तशाच होत्या. एरवी ती सकाळी गेटाबाहेर सोडून टाकायची, कंपनीचा तसा कडक नियम. त्या दिवशी थंडीने भेगा इतक्या ठणकत होत्या की मोज्याच्या आत कोण बघतंय म्हणून ठेवल्या. कोकमतेल, माकलाचं पाणी आणि घाम, सगळं त्यांत मुरलेलं.

आते हात धुऊन आली. सलोनीने तिचा कोपर धरला.

“आते, तुजा बिल्ला दे माला. माजा तू लाव.”

“अगो, अयूबभाय बघितलान तर?”

“पाया पडतंय तुज्या.”

आतेने इकडे तिकडे बघितलं आणि बिल्ला काढून दिला. बेचाळीस, आवडाबाई. समोर त्यांच्याच गावची मैना उभी होती, तिने हे बघितलं आणि मास्कच्या वरून भुवया उडवल्या. आतेने तिला डोळ्यांनीच दटावलं.

मुलं टेबलांमधून फिरायला लागली. एकजण म्हणाला, “ह्या दिवसभर ह्या वासात उभ्या राहतात?” आणि दुसरा हसला. सलोनीला त्या हसणाऱ्याचं नाव, रोल नंबर आणि मागच्या चाचणीचे गुण माहीत होते. ती माकलं ओढत राहिली. तस्नीम मॅडम म्हणाल्या, “आता आपण दहा कामगारांच्या हातांचे नमुने घ्यायचे. प्रत्येकी एक.” अयूबभाईंनी यादी हातात धरली आणि कुठल्याही मेळाशिवाय नंबर पुकारायला सुरुवात केली. नऊ. सत्त्याहत्तर. चौतीस.

“बेचाळीस! आवडाबाई, पुढे या.”

सलोनीला वाटलं, आपण ऐकलंच नाही असं करावं. आते तिच्या कमरेला हळूच ढोसत होती. ती पुढे गेली. समोर कापूस गुंडाळलेली काडी घेऊन अक्षया उभी.

“घाबरू नका हं मावशी, काही दुखत नाही. मोजा काढा.”

मोजा काढला. आत चिंध्या. अक्षयाचा चेहरा क्षणभर आकसला, पण पोर सभ्य, लगेच सावरली. तिने दोन बोटांनी चिंधी बाजूला सरकवली आणि भेगांवरून काडी फिरवली. याच हाताने सलोनी तिच्या शेजारी बसून परवा स्लाइड रंगवत होती. लॅबमध्ये मोजे घालायचं कारण तिने सांगितलं होतं, मला केमिकलची ॲलर्जी आहे.

“किती फाटलेत हो हात,” अक्षया हळू आवाजात म्हणाली. “किती वर्षं करताय मावशी हे काम?”

सलोनीने नुसती मान हलवली. आवाज काढला असता तर संपलंच होतं. मागून आतेच म्हणाली, “झाली की वरसा. धा-अकरा झाली तिला.”

“तुम्ही कुठल्या?” अक्षयाने आतेला विचारलं.

“पूर्नगडच्या.”

“हो? आमच्या वर्गात पण एक मुलगी आहे पूर्णगडची. सलोनी डोर्लेकर. खूप हुशार आहे. ओळखता तुम्ही?”

आतेने एकदा सलोनीकडे बघितलं. छातीवर सलोनी डोर्लेकरचा बिल्ला, त्यावर तिने सावकाश हात ठेवला, खाज आल्यासारखा.

“नाय गो बाय,” आते म्हणाली. “गाव मोटा हाय.”

सलोनीला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. जिने हिच्या दोन वर्षांच्या भाताची भांडी घासली, ताप आला तर मांडीवर डोकं घेतलं, ती हिला ओळखत नव्हती. आणि हिला त्या बोलण्याने हायसं वाटलं, हे सगळ्यात वाईट.

शनिवारी कॉलेजात मॅडमनी तिला बोलावलं.

“तुझी भेट बुडाली. त्या दहा प्लेट्स इन्क्युबेटरमध्ये आहेत. मोजणी तू कर, अहवाल तू लिही, वीसपैकी गुण देते. तुला लॅबचा सराव आहेच.”

दहा प्लेट्स समोर आल्या. नऊवर दहा-बारा ठिपके, कुठे वीस. दहावी उघडायचीही गरज नव्हती. तळापासून कडेपर्यंत पिवळट साय धरल्यासारखी वाढ, एक ठिपका दुसऱ्यापासून सुटा नाही. झाकणावर अक्षयाचं गोल अक्षर: ४२.

“बाप रे!” अक्षया तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. “ही माझ्या वाट्याची मावशी. तिच्या बोटांना घाणेरड्या चिंध्या होत्या गं. वाईट वाटलं मला.”

मॅडमनी प्लेट उजेडात धरली. “मोजण्यापलीकडे. अशी बाई लाइनवर ठेवता कामा नये. अन्न आहे ते.”

“मॅडम, नंबर द्यायचेच का रिपोर्टमध्ये?” सलोनीने विचारलं. तिला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

“नंबर नाही दिला तर रिपोर्टला अर्थ काय? तो कंपनीला द्यायचा, त्या बोलीवरच त्यांनी आपल्याला आत सोडलं.”

आता बोलायचं होतं. मॅडम, तो माझा हात आहे. सहा शब्दसुद्धा नाहीत. शेजारी अक्षया उभी, मागच्या बाकावर तो हसणारा मुलगा, सगळी लॅब भरलेली. सलोनीने पेन उचललं. कंपनीवाले एवढा कागद वाचतात कुठं, असं तिने मनाला समजावलं. आते अकरा वर्षांची जुनी, तिला कोण काय करतंय? नमुना क्रमांक ४२: मोजण्यापलीकडे. खाली मॅडमनी बोट दाखवलं, “इथे. मोजणी व अहवाल, आणि सही.” तिने सही केली, चांगली वळणदार, पूर्ण नावाची.

मॅडम म्हणाल्या, “अक्षर सुरेख आहे तुझं.”

सोमवारी सात वाजता अयूबभाई हातात कागद घेऊन फ्लोअरवर आले.

“आवडाबाई, काम थांबवा. पुढे या. मोजे काढा.”

साठ बायांचे हात थांबले. आते मधल्या जागेत जाऊन उभी राहिली. अयूबभाईंनी तिला हात पालथे करायला लावले, उताणे करायला लावले, नखं दाखवायला लावली. हात काळे पडलेले, चामड्यासारखे जाड, पण स्वच्छ होते. अकरा वर्षांत आतेने साफ केलेल्या मालाची एक तक्रार आली नव्हती आणि ती हे गावभर सांगायची.

“मला तर काही दिसत नाही,” अयूबभाई पुटपुटले. “पण कागदात तुमचा हात सगळ्यात घाण आलाय, आवडाबाई. वर साहेबांनी वाचलं. मी काय करू? आजपासून बाहेर क्रेट धुवायला. परत आत घ्यायचं का ते पुढे बघू.”

आतेने सलोनीकडे बघितलंसुद्धा नाही. मोजे कचऱ्याच्या डब्यात टाकून बाहेर गेली. क्रेट धुवायचं काम म्हणजे उन्हात वाकून, सोड्याच्या पाण्यात, आणि पगार निम्म्याहून थोडा वर. सलोनी टेबलाशी उभी होती. हातातल्या माकलाची पिशवी फुटली आणि शाई टेबलभर झाली.

तिला वाटलं, निभलं. चांगला तासभर तसं वाटलं.

नऊला चहाची सुट्टी झाली. अयूबभाईंनी तो कागद सगळ्यांना समज म्हणून दारापाशी लावलेला. बाया गोळा झाल्या. मैनाने सलोनीचा दंड धरून तिला पुढे केलं.

“वाच की गो. तू शिकलेली. काय लिवलंय आमाला कललं तरी पायजे.”

सलोनीने वाचलं. तारीख वाचली, नमुने वाचले, नऊ, सत्त्याहत्तर, चौतीस. बेचाळीस तिने घाईने वाचून टाकला. शेवटपर्यंत आली आणि थांबली. “झाला.”

“आनि ह्या खाली काय हाय?” मैनाने कागदावर बोट ठेवलं. मैना चौथी शिकलेली, तिला अक्षरं जोडून वाचता येत होती. “स. लो. नी. नाव तुजाच दिसतंय गो.”

दोघीतिघी मागे सरकल्या. मैना जवळ आली आणि कानाशी म्हणाली, “बिल्ला बदललेला मी बघितलाय. आवडीनं डोल्यांनी गप केलान म्हनून गप ऱ्हायलंय. तुजी आते ती. काय म्हनू तुला?”

सलोनी चहा टाकून अयूबभाईंच्या टेबलापाशी गेली.

“अयूबभाई, तो हात माझा होता. आम्ही बिल्ले बदलले होते. आत्याचा काही दोष नाही.”

अयूबभाईंनी चष्मा वर केला. “आत्याला वाचवायला बघतेस?”

“नाही. खरंच.”

“सही तुझी. मोजलं तू. तेव्हा कळलं नाही? आता आत्या बाहेर गेली म्हणून आठवलं?” त्यांनी हात झटकला. “मी असं तोंडी घेऊन वर गेलो तर साहेब मला हाकलतील. कॉलेजातून लिहून आण, शिक्का मारून. जा, कामाला लाग.”

संध्याकाळी ती खोलीवर आली तेव्हा आते मोरीपाशी बसून काथ्याने हात घासत होती. किती वेळ घासत होती कोण जाणे, मनगटापर्यंत लाल झालेलं.

“आते, काय करतंस? साफ हायत गो तुजे हात.”

“ठाव हाय माला.” काथ्या थांबला नाही. “पन समद्या बगतात. नलावर गेलंय तर सगल्यांची नजर हातावर. साट बायांसमोर उलटं-सुलटं केलान माजं हात. नवऱ्यानं कदी हात उगारलान नाय माज्यावर, पन आज मेल्याहून मेल्यासारका झाला बग.”

सलोनी तिच्याशेजारी ओल्यातच बसली. रडायला आलं होतं पण रडायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं.

“सही तू केलंस,” आते म्हणाली. “तवा ठाव होता तुला, कुनाचा नंबर तो?”

“होय.”

“बरा,” आते म्हणाली, उठली आणि भात लावला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळे आपापल्या बाकावर होते. मॅडम एकट्या होण्याची वाट बघत सलोनी दाराशी उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आतेला कुणी एकटीला बोलावलं नव्हतं. ती सरळ पुढे गेली, हातमोजे काढले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“मॅडम, बेचाळीस नंबर माझा हात आहे. मी तिथे लॅबमध्ये नाही. माकूल साफ करते. त्या दिवशी मी तिथेच होते. नावासाठी आत्याचा बिल्ला लावला होता. आत्याला कामावरून काढून क्रेट धुवायला लावलंय.”

मॅडमनी वाकून ते हात बघितले.

“वडिलांचं हॉस्पिटल?”

“खोटं.”

“लॅबची नोकरी?”

“तेही.”

“त्याचं मला काही नाही,” तस्नीम मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज तापलेला होता. “माकूल साफ करतेस ते माझ्या घरातल्या बायकांनीही केलंय. पण तू प्लेट समोर ठेवून, सगळं माहीत असताना, दुसऱ्या बाईच्या नावावर लिहिलंस. इथे. माझ्यासमोर. तुला काय शिकवलं मी तीन वर्षं?”

मॅडमनी कोरा कागद पुढे सारला. “लिही. नमुना माझा, कामगार आवडाबाई यांच्या हाताची तपासणी झालीच नाही. मी शिक्का मारते. वीसपैकी शून्य.”

ती लिहायला बसली. शेजारी अक्षया येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे भरले होते.

“मी तुला मावशी म्हणाले,” अक्षया म्हणाली.

“हो.”

“तू बोलली का नाहीस गं?”

“लाज वाटली.”

अक्षया आपल्या बाकाकडे परत गेली. मागच्या बाकावरचा तो मुलगा आज हसला नाही, त्याने नजर वळवली. सलोनीला त्याचंही काही वाटलं नाही. आतेच्या पालथ्या-उताण्या हातांपुढे हे फारच थोडं होतं.

बुधवारी अयूबभाईंनी शिक्क्याचा कागद दोनदा वाचला आणि वर नेला. खाली आले ते आतेला हाक मारतच आले. “आवडाबाई, उद्यापासून आत. चुकलं आमचं.” आणि मग सलोनीकडे वळून हात पुढे केला. बिल्ला बदलणं हा गुन्हा, चिंध्या बांधून लाइनवर येणं हा दुसरा. एकशेअठरा नंबरचा बिल्ला त्यांनी खिशात टाकला. “शिकून घे आता. वेळच वेळ आहे तुला.” टोमणा नव्हता त्यात, ते मनापासूनच बोलले. मैना टेबलाशी उभी राहून बघत होती. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिने सलोनीला मान हलवून दाखवली, जा आता, एवढंच.

सलोनीचे पैसे बंद झाले म्हणजे गावाला कमी जाणार. त्याचा विचार आतेनेच केला. तिने सकाळच्या पाळीला दुपारची जोडून घेतली, सहा ते सहा. खोलीवर येऊन एवढंच म्हणाली, “तुजी परीक्षा होईस्तवर.” सलोनी म्हणाली, मी दुसरा काम बगतंय. आते म्हणाली, “बगू मागनं,” आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

गुरुवारी पहाटे पाचला आते उठली. दिवा लावला नाही. चाचपडत टोपी शोधली, डबा भरला, भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून झाकण हाताने दाबून धरलं. सलोनी जागी होती. उठून चहा तरी करावा, असं तिला फार वाटत होतं. पण आतेचं तोंड समोर येईल, आणि ती काय बोलेल किंवा बोलणार नाही, या दोन्हींना ती भ्याली. ती डोळे मिटून पडून राहिली.

बाहेर नळापाशी मैनाचा आवाज आला. “आवडे, चल की गो! ती महाराणी उठली की नाय? का तुलाच दोन पाळ्या करायला लावून झोपा काडतंय?”

“हळू बोल गो,” आते दबक्या आवाजात म्हणाली. “रातभर वाचत होती ती. मॅडम बोलल्यात माज्याशी, कॉलेजात पैला नंबर येनार हाय तिचा. झोपू दे पोरीला.”

मॅडम असलं काही बोलल्या नव्हत्या. आते जन्मात कधी मॅडमशी बोलली नव्हती. सलोनीने पांघरूण तोंडावर ओढलं. आतेची पावलं गेटापर्यंत गेली, पाळीची घंटा झाली, खिडकीतून उजेड आला, तरी तिला उठून बसता येईना.